कात्री नसलेल्या पेशी

२ एप्रिल

प्रयोगशाळेच्या वहीत राग लिहायला रकाना नसतो. तिथे तापमान लिहायचं, पेशी कशा वाढल्या ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची. म्हणून ही वेगळी वही काढली.

आज ठमीला साथीच्या पेशंटांच्या त्या नव्या वॉर्डात टाकलं. ठमी म्हणजे माझी धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी ठमीच. दवाखान्यात नर्स आहे. मोठ्या सिस्टरनी विचारलं, नव्या वॉर्डात कोण जाईल, आणि हिनं हात वर केला. शाळेतही हिचा हात असाच वर असायचा, उत्तर येवो न येवो.

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं होतं पुढे पुढे करायला?"

"ताई, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना कसं पाठवायचं? आपल्या घरी काय, तू आणि मी. आणि तुला तर तो विषाणूसुद्धा घाबरेल."

ती हसली. मी पातेलं आपटलं. आई गेल्यापासून हिला मी वाढवली आहे, ताप आला की उशाशी बसले आहे, आणि आता ही स्वतःच्या पायानं चालत तिथे निघाली. जन्मभर मी विषाणूंशीच खेळते आहे. हा एक माझ्या बहिणीच्या पेशीत शिरता कामा नये, बाकी जगाचं जग बघून घेईल. शास्त्रज्ञानं असं लिहू नये म्हणे. न लिहिणारे लिहीत नाहीत, मनात तेच असतं.

५ एप्रिल

जमलं. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

संध्याकाळी ठमीला सगळं समजावून सांगितलं, कारण तिनं विचारलं, "शिरतो शिरतो म्हणतेस, म्हणजे नेमका कसा?" त्याच्या अंगावर काटे असतात, हे आता शेंबडं पोरही सांगेल. तो काटा आपल्या पेशीवरच्या एका खुंटीला अडकतो. ती खुंटी काही त्याच्यासाठी ठेवलेली नाही, रक्तदाब सांभाळायच्या कामाची आहे, त्याला आयती सापडली. पण नुसतं अडकून भागत नाही. काटा ठरावीक जागी कापला गेला पाहिजे. मग तो उलगडतो, पेशीच्या पडद्यात रुततो, विषाणूचा पडदा आणि पेशीचा पडदा एक होतात आणि आतला माल आत सांडतो. कापायची कात्री त्याच्याकडे नसते. तीही आपल्याच पेशीची. खुंटी आपली, कात्री आपली, मरायचंही आपणच.

"मग कात्रीच काढून घ्यायची," ठमी म्हणाली. बुद्धी आहे पोरीला, वापरत नाही.

कात्री काढता येत नाही, पण बोथट करता येते. विषाणू खुंटीला अडकला की पेशी त्याला गिळते आणि एका इवल्या पिशवीत घालून आत नेते. पिशवीत आंबट होत जातं आणि त्या आंबटात तिथली कात्री चालायला लागते. आमची गोळी तो आंबटपणा मारते. कात्री थंड, विषाणू पिशवीत कोंडलेला. गोळी नवी नाही, सांधेदुखीवर वर्षानुवर्षं देतात. त्यामुळे माणसाला चालते का, ही भीती नाही.

खरा विषाणू आम्ही रोज हाताळत नाही. काटे त्याचे आणि पोट दुसऱ्याच एका निरुपद्रवी विषाणूचं, असा तोतया बनवतो. तोतया पेशीत शिरला की पेशी उजळते. आज गोळी घातलेली पेशींची अख्खी प्लेट यंत्रात काळी ठिक्कर दिसली. एक पेशी उजळली असेल तर शपथ. माझी माकडं पास झाली!

माकडं म्हणजे माझ्या पेशी. माकडाच्या मूत्रपिंडातून कुणीतरी कधीकाळी काढलेल्या, तेव्हापासून जगभर वाढवतात. कुठल्याही विषाणूला बिनतक्रार आत घेतात, चार दिवस दुर्लक्ष झालं तरी मरत नाहीत. माझ्या हयातीत साहेब बदलले, इमारत बदलली, माकडं तीच.

६ एप्रिल

घोषणा होईल तेव्हा दुकानं रिकामी होतील, म्हणून आजच गोळ्यांच्या पट्ट्या आणून ठेवल्या. एक ठमीच्या हातावर ठेवली. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर.

तिनं पट्टी उलटी-पालटी करून पाहिली. "नक्की?"

"प्लेट काळी ठिक्कर आहे."

"वॉर्डात सगळ्यांनाच देता येतील का गं?"

"आधी तू घे. मग मी उरलेल्या जगाचं बघते."

बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसली. मग नीट घडी घातलेल्या रुमालात ठेवली. माझ्या कामाला एवढा मान घरात पहिल्यांदाच मिळाला.

९ एप्रिल

फुप्फुसवाली आज माझ्या टेबलाशी आली. आमच्याकडे मागच्या वर्षी आलेली नवी बाई. कोपऱ्यातल्या खोलीत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी वाढवते. त्या पेशी भारी नखरेल, आठवडाआठवडा रुसून बसतात, मग थोड्याशा वाढतात आणि पुन्हा रुसतात. बाईसुद्धा डबा एकटीच खाते.

म्हणाली, "मॅडम, तुमचा निकाल फार सुंदर आहे. फक्त माकडाच्या पेशींवर ती दुसरी कात्री नसते ना."

मला माहीत नाही की काय! फुप्फुसाच्या पेशीच्या अंगावर, अगदी बाहेरच, आणखी एक कात्री असते. ती जर दारातच काटा कापत असेल, तर विषाणूला पिशवीत बसायची गरजच नाही, आणि पिशवी आंबट असो वा गोड, त्याला काय. पण हे सगळं 'जर'वर चाललंय. आम्ही सगळे ती वाट किरकोळ धरून चाललो आहोत.

"माझ्या पेशींवर करून बघू का?" तिनं विचारलं.

"बघा की," मी म्हटलं. "रुसवा निघाला तर."

तिला बोचलं असावं. बोचू दे. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं असलं की माणसं अशीच गोड बोलतात.

१२ एप्रिल

साहेबांनी जाहीर केलं. मी सांगितलं होतं, "पेशींमध्ये" हा शब्द विसरू नका. टीव्हीवर तो शब्द साहेबांच्या तोंडून निघाला, पण खोकल्यात. खाली पट्टी आली: विषाणूचा प्रवेश बंद.

साहेब नंतर म्हणाले, "बाई, लोकांना आशा लागते." आशा लोकांना लागते आणि फोटो साहेबांना. फोटोत मी मागे आहे, निम्मा चेहरा दिसतो. तरी ठमीनं तो फोटो मोबाइलवर ठेवला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

१३ एप्रिल

शेजारच्या काकू दुपारी जिना चढून आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना एक जिना चढायला अर्धी दुपार लागते. म्हणाल्या, "अगं, माझी सांध्यांची गोळी कुठेच मिळेना. तू त्यातली आहेस म्हणून आले."

माझ्या कपाटात कपड्यांखाली पट्ट्यांची चवड आहे. मी म्हटलं, "बघते काकू, मिळाल्या तर सांगते." त्या कठडा धरून हळूहळू खाली गेल्या. त्या पट्ट्या ठमीच्या आहेत. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

१५ एप्रिल

ठमीच्या नाकावर मास्कनं व्रण पडलाय, गालावर काचल्याच्या रेघा. ड्यूटीवर एक क्षण काही सैल करत नाही म्हणे. घरी आली की दाराशीच कपडे बदलते, अंघोळ करते, आतल्या खोलीत एकटी जेवते. मी म्हटलं, "गोळी घेतेस ना? मग एवढा सोपस्कार कशाला?"

"सवय गं, ताई."

"तोंड कडू होतं का? या गोळीनं होतं बऱ्याच जणांना."

"छे. मला काहीसुद्धा होत नाही." दाराआडून बोलत होती. दगड पचवेल ही.

संध्याकाळी तिच्यासोबतची एक नर्स खिडकीखाली आली. तिला मी हसरी म्हणते. इतकं हसते की वॉर्डातले पेशंट घाबरत असतील. नवरा परगावी अडकलेला, दोन लहान मुलं सासूच्या गळ्यात टाकून कामावर येते. हिलाही शेवटी त्या वॉर्डात घातलंच, माणसं पुरेनात म्हणून. रस्त्यावरून ओरडली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू हो!"

कसले उपकार, मला कळेना. साहेबांनी टीव्हीवर जे तारे तोडले त्याबद्दल असेल. मी आपला हात हलवला. पुढे खाली गेलेल्या ठमीला म्हणाली, "तोंडाचं पार कडूजहर झालंय बघ, चहासुद्धा जात नाही." मी वरून विचारलं, चव गेली का, तपासून घे. दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. अशा दिवसांत यांना हसू येतं तरी कसं!

२० एप्रिल

फुप्फुसवालीचा निकाल आला. तिच्या प्लेटवर गोळीचा ढिम्म परिणाम नाही. गोळी घातलेल्या पेशी आणि न घातलेल्या पेशी, दोन्ही सारख्याच लखलखल्या. तोतया दारातूनच आत गेला.

तिनं कागद माझ्यासमोर ठेवला. तोंडावर आनंद असता तर मला सोपं गेलं असतं. शेजारच्या रांगेत तिनं स्वतःचं एक द्रव्य घातलं होतं, बाहेरची कात्री बोथट करणारं. ती रांग काळी.

मी म्हटलं, "तुमच्या पेशी आजारी असतील."

"असतील," ती म्हणाली. "तुम्हीच पुन्हा करून बघा, मॅडम. मी पेशी देते."

२१ एप्रिल

साहेबांच्या खोलीत बैठक. साहेबांचं म्हणणं, एका प्लेटवरून जाहीर केलेलं मागे घेतलं तर संस्थेचं हसं होईल. जाहीर केलं तेही एका प्रकारच्या प्लेटवरूनच, असं फुप्फुसवाली हळूच म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "पेशींचं राहू द्या. माझी सख्खी बहीण रोज त्या वॉर्डात उभी असते. रोज गोळी घेते. तिच्या आजूबाजूची माणसं पडली, ती ठणठणीत आहे. माझ्या घरात जिवंत पुरावा आहे."

साहेबांचा चेहरा खुलला. फुप्फुसवाली टेबलाकडे बघत म्हणाली, "एक माणूस म्हणजे प्रयोग नाही."

हेच वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगत आले आहे. तिच्या तोंडून ऐकताना कानशिलं तापली.

२२ एप्रिल

तिच्याकडून पेशी घेतल्या. स्वतःच्या हातानं सगळं करते आहे, कुणाला शिवू देत नाही. घरी ठमीनं विचारलं, "कसं चाललंय?" म्हटलं, "छान."

२६ एप्रिल

तेच. माझ्या हातानं, माझ्या यंत्रात, माझ्या डोळ्यांसमोर. माकडांची प्लेट काळी, फुप्फुसाची लख्ख.

चूक कुठे झाली ते आता शेंबड्या पोरालाही समजावता येईल. ज्या पेशींच्या अंगावर बाहेरची कात्री नाही, त्यांच्यात विषाणूला पिशवीतून जाण्यावाचून गत्यंतर नाही. आम्ही तीच वाट बुजवली आणि टाळ्या पिटल्या. फुप्फुसात त्याला ती वाट नकोच आहे. आणि आजार मूत्रपिंडानं श्वास घेणाऱ्यांना होत नाही. माकडं का घेतली? कारण ती नेहमीच घेतो. वाढायला सोपी, हाताळायला सोपी, कधी नाही म्हणत नाहीत. माझं ऐकणाऱ्या पेशींना मी प्रश्न विचारला आणि त्यांनी मला हवं ते उत्तर दिलं.

संध्याकाळी ठमी जेवून बाहेरच्या खोलीत आली, मास्क लावूनच. लांब, दाराजवळ बसली.

"ताई, वॉर्डात विचारतात. गोळीचं नक्की ना?"

सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिचा चेहरा इतका उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं, हातांची साल निघालेली. गोळीनं अपाय तर नाही, धीर तरी येतो. आणि आजवर ती ठणठणीत आहेच. पेशी म्हणजे काही अख्खं माणूस नव्हे. साहेबांनीही सांगितलंय, आठवडाभर तोंड उघडू नका.

म्हटलं, "नक्की. घेत राहा."

तिनं मोठा श्वास सोडला. "बरं झालं. सांगते उद्या."

कुणाला सांगणार, ते मी विचारलं नाही. उद्या तिला निवांत बसवून सगळं सांगेन.

२८ एप्रिल

काल राहून गेलं. आजही ठमी उशिरा आली. साहेबांना पत्र लिहायला घेतलं, 'सखेद' की 'नम्रपणे' यात अडकले.

१ मे

हसरीला ताप. काल ड्यूटीवरच अंग तापलं, आज घशातून आवाज निघेना. ठमीनं घरी आल्यावर अंघोळसुद्धा केली नाही, दाराशी तशीच बसून राहिली. मी लांबूनच म्हटलं, "होईल बरी, तरुण आहे." ती माझ्याकडे बघत होती, पण ऐकत नव्हती.

४ मे

हसरीला त्याच वॉर्डात ठेवलंय जिथे ती काम करायची. ऑक्सिजन लावलाय. ठमी सांगत होती, पेशंट तिला विचारतात, सिस्टर, तुम्ही इकडे कशा? ती तोंडावरच्या मास्कमधूनही हसायला बघते.

आज मनात आलं, तिलाही एक पट्टी दिली असती तर? आणि लगेच चरकले. काय विचार करते आहे मी! स्वतःच्या हातानं करून पाहिलं तरी मन अजून गोळीकडेच जातं. बिचारीला निदान धीर तरी मिळाला असता.

ठमीला अजून सांगितलेलं नाही. या दिवसांत कसं सांगणार?

९ मे

हसरी सकाळी गेली.

१० मे

आज लिहायचं नव्हतं.

ठमी काल आली ती आतल्या खोलीत गेली. आज दुपारी बाहेर आली आणि नेहमीसारखी दाराशी न बसता टेबलाच्या पलीकडे, माझ्यासमोर बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रडून घे. तू स्वतःला जप. तुझ्या गोळ्या संपल्या असतील, आणखी देऊ का?" मला वाटलं, काळजी करते आहे हे तिला कळावं. सांगायचं ते अजूनही तोंडाशी येत नव्हतं.

ती म्हणाली, "मी एकही घेतली नाही, ताई."

मला कळलंच नाही.

"सगळ्या तिला दिल्या. पहिल्या दिवसापासून. तू म्हणालीस आत शिरणं बंद, मग मी काय केलं असतं? तिची मुलं लहान आहेत. मला कोण आहे, तू. मी आपली मास्क घट्ट बांधत होते, घाबरून राहत होते. ती बिनधास्त होती. माझ्या ताईची गोळी आहे म्हणून मीच तिला सांगत होते."

माझी नजर पट्ट्यांच्या कपाटाकडे गेली.

"मग तिला का झालं?" ठमीनं विचारलं. "तू शिकलेली आहेस, सांग ना. सकाळ-संध्याकाळ घेत होती. चुकवली नाही एकदाही. मग का झालं?"

आणि मी सांगितलं. पिशवी, दार, दोन कात्र्या, माकडं, फुप्फुसवालीची प्लेट, माझी प्लेट. वर्गात शिकवावं तसं क्रमानं सांगितलं. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगता येत नाही.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "तुला कधी कळलं?"

"पक्कं? २६ तारखेला."

"मी तुला विचारलं त्या दिवशी?"

"हो."

"मी विचारायच्या आधी?"

"हो. दुपारी."

ती टेबलावर नखानं रेघ ओढत राहिली. "दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या घशात नळी घालायची होती," ती म्हणाली. "मदतीला ती उभी होती, तिच्या चष्म्यावर वाफ धरली. दिसेना. तिनं तोंडावरची काच वर केली, मास्क खाली ओढला. मी ओरडले तर म्हणाली, अगं तूच आज सकाळी सांगितलंस ना, ताई म्हणाल्या नक्की. पेशंट तिच्या तोंडावर खोकला."

मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही. बहुतेक, तसंही झालं असतं, असं. ठमी उठली आणि बॅग भरायला लागली. मी दारात उभी राहून बघत होते. तिनं एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही भांडले असते, भांडता येतं मला.

१२ मे

ठमी दवाखान्याच्या वसतिगृहात राहायला गेली. फोन उचलत नाही. 'जेवलीस का' असं लिहून पाठवलं, त्यावर 'हो' आलं.

काकूंना उरलेल्या सगळ्या पट्ट्या नेऊन दिल्या. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. गुडघेदुखीला या गोळीनं उतार पडतो, त्याबद्दल कुठल्याच पेशींना विचारावं लागत नाही.

१४ मे

फुप्फुसवालीच्या द्रव्यानं माझ्याही प्लेटवर काम केलं. बाहेरची कात्री बोथट झाली की तोतया खुंटीला नुसता लटकून राहतो. पण ज्या पेशीत पिशवीची वाट उघडी आहे तिथे तो तिथून जाईल. दोन्ही वाटा एकदम बुजवायला हव्यात. म्हणजे माझी गोळी तिच्या द्रव्याच्या जोडीला कदाचित उपयोगी पडेल. फुप्फुसवाली म्हणाली, "मॅडम, दोघींनी मिळून करूया." एरवी मी नाचले असते. मान हलवली आणि हात धुवायला गेले.

साहेबांनी जाहीर केलेलं मागे घेतलं. पेपरात आतल्या पानावर, चार ओळी. त्यात माझं नाव मात्र स्पष्ट छापलंय.

१७ मे

आज हसरीच्या सासूबाईंचा फोन आला. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आवाज म्हातारा पण खणखणीत. मागे मुलांचा गलका चालला होता, कुणीतरी काहीतरी पाडलं, त्यांनी फोनवर हात न ठेवताच दटावलं.

म्हणाल्या, "ताई ना? नंबर सूनबाईच्या फोनमध्ये होता. 'गोळीवाल्या ताई' असा. बाई, तुमच्या त्या गोळ्या अजून मिळतील का? मुलांना सुरू कराव्या म्हणते. हिच्यामागे मुलं राहिली पाहिजेत."

मी म्हटलं, "आजी, त्या गोळ्यांचा उपयोग नाही. मुलांना देऊ नका. चुकलं आमचं."

"असं कसं? तिला लागू पडल्या नाहीत, तिचं नशीब. तुमच्या बहिणीला पडल्या ना? तीही तिथेच असते, चांगली धडधाकट आहे. सूनबाई नेहमी म्हणायची, ठमीताई बघा, कशी ठणठणीत आहे."

हे माझंच बोलणं होतं, साहेबांच्या खोलीतलं. मी म्हटलं, "ठमीनं एकही घेतली नाही हो. सगळ्या तुमच्या सुनेला दिल्या."

मागचा गलका थांबला. मुलं दमली असावीत, किंवा त्या दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं. "स्वतःला एक ठेवली नाही?"

"नाही."

"देवमाणूस आहे हो तुमची बहीण," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "स्वतःच्या जिवाचं न बघता आमच्या पोरीला दिल्या. अशी माणसं कुठे मिळतात? आणि तुमचेही उपकार, ताई. तुम्ही तुमच्याकडून केलंत."

इथे थांबायला हरकत नव्हती. फोन ठेवला असता तर त्यांच्या मनात ठमी देवमाणूस राहिली असती आणि मी उपकार केलेली. पण मला ते सहन होईना. मी सांगून टाकलं. गोळी फुप्फुसात चालत नाही हे मला आधी कळलं होतं, ठमीनं विचारलं तेव्हा मी नक्की म्हटलं, दुसऱ्या दिवशी तुमच्या सुनेनं त्या भरवशावर तोंडावरचा मास्क खाली ओढला. एका दमात सांगितलं. सांगताना छातीवरचं ओझं उतरतंय असं वाटत होतं, तेही लिहून ठेवते.

त्यांनी मला मध्येच तोडलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगितलंत?"

मी म्हटलं, "तुम्हाला खरं कळावं म्हणून."

"मला काय करायचंय तुमचं खरं? मी गोळ्या मागितल्या होत्या. इतके दिवस मी म्हणत होते, देवानं नेलं. देवाशी कसं भांडायचं ते मला माहीत आहे. आता देव नव्हता, तुम्ही होतात म्हणून सांगताय. पोरांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, निजवायचं आणि वर हेही घेऊन बसायचं होय? तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, झालात. आता परत फोन करू नका."

फोन त्यांनीच केला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.